हातात मावणारा साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफ: छोट्या ऑपरेशन थिएटरसाठी घ्यावा का?

कॅप्नोग्राफ म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेच्या रूपात दाखवणारं यंत्र; साइडस्ट्रीम म्हणजे बारीक नळीने थोडी हवा ओढून मोजणारं. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये मुलांचे टॉन्सिल काढत असाल तर घ्याच. श्वासनळीतली ट्यूब काढताना भूल अर्धवट उतरलेली असते. लाळेचा किंवा रक्ताचा थेंब स्वरतंतूंवर पडला की लॅरिंगोस्पॅझम, म्हणजे स्वरतंतू आवळून श्वासाची वाट अडणं. नुकतीच सर्दी होऊन गेलेल्या मुलात धोका जास्त.

अर्धवट आवळलं तर श्वास घेताना शीळ ऐकू येते. पूर्ण आवळलं तर काहीच ऐकू येत नाही, आणि तिथेच फसगत होते: छाती आत ओढली जाते, पोट वर येतं, पण भुलीच्या यंत्राची श्वासाची पिशवी हलत नाही. पल्स ऑक्सिमीटर उशिरा बोलतो, कारण फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा असतो. कॅप्नोग्राफची लाट पुढच्याच श्वासाला सपाट होते. अर्थात, मास्क घट्ट बसलेला हवा. गळती असली तरी लाट मरते.

यंत्राची खरी कटकट म्हणजे सॅम्पलिंग लाइन, ती हवा ओढणारी बारीक नळी. वाफेचं पाणी किंवा चिकटा अडकला की रेषा सपाट आणि उगाच धावपळ. लाइन आणि वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारी डबी) जास्तीचे ठेवा. तान्ह्यांसाठी मिनिटाला 50 मिली हवा ओढणारं मॉडेल बरं, 150-200 वालं नको. नुसता आकडा दाखवणारं स्वस्त मॉडेल तर घेऊच नका, लाट दिसलीच पाहिजे.

फुटाळा तलावावर जोरात धावताना शीळ वाजणाऱ्या, दम्याच्या पंपाने फरक न पडणाऱ्या खेळाडूसाठी मात्र हे कामाचं नाही. तिथेही शंका स्वरयंत्र आवळल्याचीच असते, पण त्याला व्यायाम चालू असतानाच नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र बघावं लागतं.