वेशभूषा शिकायला विंबल्डन की येल?

पहिला फरक पायरीचा. लंडनच्या विंबल्डन कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये रंगभूमी आणि पडद्यासाठीच्या वेशभूषेची तीन वर्षांची पदवी मिळते, म्हणजे बारावीनंतरचा रस्ता. तीन ऑस्कर मिळवणारे वेशभूषाकार जेम्स अचेसन इथलेच. अमेरिकेत न्यू हेवनला असलेल्या येलच्या नाट्यविद्यालयात मात्र पदवीनंतरच जायचं. तिथे एम. एफ. ए.ला (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी) वेशभूषेसोबत नेपथ्य-प्रकाशवाल्यांबरोबर काम करावं लागतं, आणि शेजारीच १९६६ पासूनचं व्यावसायिक येल रेपर्टरी थिएटर आहे.

पैशांचं गणित मात्र उलटं निघतं. येल महाग, असं आपण धरूनच चालतो. पण २०२१ मध्ये हॉलिवूडचे निर्माते डेव्हिड गेफन यांच्या १५ कोटी डॉलरच्या देणगीनंतर तिथल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ झाली, परदेशी विद्यार्थ्यांचीसुद्धा. लंडनला परदेशी मुलांची फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त, वर लंडनचं घरभाडं! अर्थात येलला जागा मोजक्याच, त्यामुळे सगळी भिस्त त्यावरच ठेवणं धाडसाचं.

ब्रिटनमध्ये यूकासच्या, म्हणजे विद्यापीठप्रवेशाच्या सामायिक यंत्रणेच्या, एकाच अर्जात पाच पर्याय देता येतात. येलला स्वतंत्र अर्ज, मग मुलाखत. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांचा संच, दोन्हीकडे लागतो. त्यात नुसती गुळगुळीत रेखाटनं नकोत. एकांकिकेसाठी आजीच्या नऊवारीतून बेतलेला झगा, फसलेल्या शिवणीसकट, मी आधी ठेवेन.