जुन्या पिकअपचे लोअर बॉल जॉइंट बदलले: आठ महिने आणि १४,००० किलोमीटरनंतर

गाडी २०११ ची आहे. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पिळावर चालणारी, स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे पाटे, मीटर दोन लाख दहा हजारांच्या पुढे गेलेलं. काटोलकडच्या आमच्या बागेतली संत्री नागपूरला कळमना मार्केटमध्ये आणायची आणि परतताना खत, ठिबकचे पाइप, जे मिळेल ते न्यायचं, हेच तिचं काम. वीस किलोचं एक असे पन्नास कॅरेट, म्हणजे एक टन माल. त्यामुळे पुढच्या चाकांच्या लोअर बॉल जॉइंटबद्दल, म्हणजे खालचा आर्म चाकाशी जोडणाऱ्या गोळा-वाटीच्या सांध्याबद्दल, मी जे लिहितोय ते रोज भार ओढणाऱ्या गाडीबद्दल आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आवाज सुरू झाला. शहरातल्या सिमेंट रस्त्यांवर दोन स्लॅबच्या जोडावरून गेलं की डाव्या चाकाखालून 'टक्'. हळू वेगात स्टिअरिंग पूर्ण कापलं की 'कट्ट'. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे झुकायची आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जात होता, बाहेरची कड मात्र नव्यासारखी. एका गॅरेजमध्ये दाखवली. चाक जॅकवर उचललं, हाताने हलवलं, "जॉइंट टाइट आहेत, शॉकर गेले" असं सांगितलं आणि दोन्ही शॉकर बदलले. ५,२०० रुपये गेले, आवाज तिथेच.

मग ऑटोमोटिव्ह चौकाच्या मागे एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी जॅक चेसिसखाली लावलाच नाही. लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ लावता येईल तितकं जवळ लावला. चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं, टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि मला म्हणाले, "आता तू उचल भाऊ, मी खाली पायतो." मी टॉमी वर दाबली, चाक सरळ वर सरकलं आणि आतून 'ठक' आलं. काकांनी जॉइंटवर ठेवलेलं माझं बोट त्या ठकेबरोबर उडालं. आवाज महिनाभर ऐकत होतो, तो बोटाला पहिल्यांदाच लागला.

पहिल्या गॅरेजमध्ये तो का सापडला नाही, हेही काकांनीच समजावलं. चेसिस उचलली की चाक लोंबतं, पण टॉर्शन बार आर्मला खाली दाबतच राहतो. त्या ताणामुळे झिजलेला गोळासुद्धा वाटीत घट्ट बसल्यासारखा वाटतो. जॅक आर्मखाली आला की बारचा जोर जॅकवर जातो, सांधा मोकळा होतो आणि खरी ढिलाई दिसते. "दाबून धरलेला सांधा कधी बोलते का?" काका म्हणाले. ज्यांच्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर येतो त्यांनी, माझी कळकळीची विनंती आहे, कोणताही पार्ट बदलण्याआधी ही तपासणी समोर उभं राहून करून घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि हे टाळण्यासारखं नाही. नागपूरच्या वाडी भागाजवळ मी एकदा भरलेली पिकअप रस्त्याच्या मधोमध बसलेली पाहिली होती, पुढचं चाक आडवं होऊन मडगार्डमध्ये घुसलेलं. लोअर जॉइंट वाटीतून निसटला की चाकावर कुणाचाच ताबा राहत नाही, स्टिअरिंग कितीही घट्ट धरा. त्या दिवशी ती गाडी चौकाजवळ हळू होती म्हणून निभावलं.

आता पार्टबद्दल. जूनमध्ये घाईत होतो, पाऊस तोंडावर होता. दुकानातून ६५० रुपयांचा एक असे दोन लोअर जॉइंट आणले. दिसायला चकचकीत. अडीच महिन्यांत उजव्याचा रबर बूट, म्हणजे सांध्यावरचं घड्यांचं रबरी आवरण, घडीवर फाटला. पावसाळ्यात बागेच्या वाटेवरची काळी माती कशी चिकटते ते विदर्भात सांगायला नको. ती आणि पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं आणि सप्टेंबरात पुन्हा 'टक्'. जॉइंट उघडून पाहिला तेव्हा गोळ्यावर गंजाचे ठिपके आणि वाटीत करड्या चिखलासारखा गाळ होता. लोखंड आधी हरलं नव्हतं, रबर हरलं होतं.

दुसऱ्या वेळी १,४५० रुपयांचा एक असे घेतले, ग्रीस निपलवाले (बाहेरून गनने ग्रीस भरायची तोटी असलेले). घेताना बूट चिमटीत दाबून पाहिला: रबर मऊ, सोडल्यावर लगेच जागेवर येणारं, तारेची रिंग खाचेत नीट बसलेली. आधीच्याचा बूट चिमटीत कागदासारखा कडक लागायचा. तेव्हा लक्ष दिलं असतं तर एक मजुरी वाचली असती.

बसवायचं काम काकांकडे, मी हाताखाली. माझ्या गाडीत हा जॉइंट आर्मला चार बोल्टवर बसतो. काही गाड्यांत तो प्रेसने ठोकलेला असतो, तिथे हायड्रोलिक प्रेसवाल्याकडेच जावं. आधी घोडी (टेकूचा स्टँड) चेसिसखाली आणि जॅक आर्मखाली, दोन्ही. जॅक नसेल आणि जॉइंट सुटला तर टॉर्शन बार आर्मला असा झटका देतो की हात तिथे असला तर गेलाच. बारचा ॲडजस्टिंग बोल्ट सैल करायच्या आधी काकांनी खडूने खूण केली आणि किती आटे सोडले ते मोठ्याने मोजले, म्हणजे परत गाडीची उंची तीच येते.

जुना जॉइंट नकलमधून (चाक ज्यावर बसतं त्या भागातून) काढताना खरी गंमत असते. त्याचा दांडा निमुळता असतो, टेपरमध्ये, म्हणजे नकलच्या तशाच निमुळत्या भोकात, वर्षानुवर्षं बसून एकजीव झालेला. नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. मग नकलच्या कडेवर, भोकाच्या बाजूला, दोन किलोच्या घनाने एक ठोका. दुसरा. तिसऱ्याला 'टंग' असा स्वच्छ आवाज आला आणि दांडा आपोआप खाली सरकला. दांड्याच्या डोक्यावर ठोकत बसणाऱ्यांनी नुसते आटे चपटे केलेले मी पाहिलेत.

नवा बसवताना टेपर आतून पुसून कोरडा केला. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या जोरावर, आवळला आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तेव्हा नट मागे न फिरवता पुढच्या खाचेपर्यंत आवळला. हे फार जणांकडून चुकतं. पिन मात्र नवीनच घालायची, जुनी सरळ करून नाही.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. मजुरी दोन्ही बाजूंची १,२०० आणि अलाइनमेंटचे ५००, पार्ट धरून एकूण ४,६००. शॉकरवर वाया गेलेल्यापेक्षा कमी.

ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराच्या संत्र्यांची धावपळ झाली, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री गेली. आवाज नाही. ब्रेक सरळ लागतो. नवीन टायरची झीज दोन्ही कडांना सारखी आहे, आणि माझ्यासाठी सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. स्टिअरिंग सुरुवातीचे काही दिवस थोडं जड वाटलं, पुढे सैलावलं. या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा बुटांची काळजी होती, म्हणून गाडी धुतल्यावर खाली झोपून प्रत्येक घडी बोटाने उघडून पाहिली. तडा नाही.

दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस मारतो. निपल आधी फडक्याने पुसायचा, नाहीतर गनने माती आत ढकलली जाते. बूट किंचित फुगला की थांबायचं. गॅरेजमधली पोरं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारतात, त्याने बूट फुटतो किंवा रिंगेतून निसटतो आणि चांगला जॉइंट पुढच्या पावसात जातो. म्हणून हे काम मी कुणाला देत नाही.

वरचे जॉइंट तेव्हा बदलले नव्हते, कारण त्यांच्यात प्ले (ढिलाई) नव्हता आणि भार खालच्यावर येतो. गेल्या आठवड्यात चाक वर-खाली धरून हलवलं तर उजव्या अप्परमध्ये अगदी किंचित हालचाल जाणवली. काकांना दाखवलं. "पावसाच्या आधी टाकून घे," म्हणाले. त्याच प्रतीचा जॉइंट सांगून ठेवलाय, शनिवारी गाडी मोकळी आहे.