टॉवरची मोजणी: ४००० रुपये भरावेत का? भरावेत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या शेजारच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहिला आणि सोसायटीत दोन तट पडले: एक रेडिएशनला घाबरणारा, दुसरा न घाबरणारा. शेवटी वर्गणी काढली आणि दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवरून टॉवरच्या लहरींची, म्हणजे रेडिएशनची, मोजणी मागवली. पोर्टल मे २०१७ पासून सुरू आहे. कुठला टॉवर नियमात बसतो ते तिथं फुकट बघता येतं; आपल्या दारात मोजून हवं असेल तर ४००० रुपये फी.

अधिकाऱ्यांनी तिवईवर मीटर लावला. दांडीच्या टोकाला पांढरा गोळा, सगळ्या दिशांनी येणाऱ्या लहरी एकदम टिपणारा. प्रत्येक जागी सहा मिनिटांची सरासरी. टॉवरखाली राहणाऱ्या काकू सर्वांत घाबरलेल्या, “आमच्या डोक्यावरच हाय की ओ!” आणि नेमका तिथलाच आकडा सर्वांत कमी! अँटेनाचा झोत बॅटरीसारखा समोर जातो, पायाशी फारसा पडत नाही. सर्वांत जास्त आकडा समोरच्या इमारतीच्या वरच्या गॅलरीत आला, तोही सरकारी मर्यादेच्या बराच खाली. मग साहेबांनी आपल्याच मोबाइलवरून फोन लावून तो गोळ्याजवळ धरला. आकडा टॉवरच्या सगळ्या आकड्यांवर गेला. काकू बघतच राहिल्या.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे मला खरा रस होता तो ही मर्यादा ठरवली कुणी यात. शरीरात किलोमागे ४ वॉट ऊर्जा शोषली गेली की तापण्याचे परिणाम दिसू लागतात. ‘आयसीएनआयआरपी’ या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या आयोगानं सामान्य माणसासाठी त्याच्या ५० पट खाली, किलोमागे ०.०८ वॉटवर रेघ मारली. मीटरनं मोजता यावं म्हणून हीच रेघ चौरस मीटरवर पडणाऱ्या लहरींच्या वॉटमध्येही सांगतात. आपल्याकडे २०१० मध्ये आंतरमंत्रालयीन समिती बसली. तीत आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, होती, जैवतंत्रज्ञान आणि पर्यावरणवालेही होते. सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी ती मर्यादाही एक दशांश केली: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॉटऐवजी ०.४५.

पहिली रेघ प्रयोगांवरून आलेली, दुसरी खबरदारीची. तज्ज्ञांचं ऐकून, लोकांची धास्ती लक्षात घेऊन सरकारनं असा निर्णय घेणं मला योग्यच वाटतं. पण हा फरक लोकांना कुणी सांगितलेला नसतो. आमच्याकडे एकानं लगेच विचारलं, “धोका नव्हता तर दहापट कमी कशाला केलं?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मोजणीच्या अहवालासोबत सोप्या मराठीत एका पानावर मिळायला हवं. नाहीतर रेडिएशन अडवते असं सांगून दारावर ‘रेडिएशन चिप’ विकणाऱ्यांचं फावतं.

अर्ज करणार असाल तर टॉवरच्या समोरचा वरचा मजला मोजायला सांगा, आणि त्या वेळी दोन्ही तटांची माणसं हजर ठेवा.