ऑफिस मॅनहॅटनमध्ये, मग घर क्वीन्समध्ये की न्यू जर्सीत?

मॅनहॅटनला नोकरी लागली की आपण आधी भाडं आणि ट्रेन बघतो. कराचा हिशोबही तेव्हाच मांडावा, कारण फरक हजारो डॉलरांचा पडतो.

क्वीन्समध्ये राहिलात तर राज्याचं एकच रिटर्न, आयटी-201. पण त्यातच न्यूयॉर्क शहराचा कर येतो: 3.078 ते 3.876 टक्के. एकट्या व्यक्तीचं करपात्र उत्पन्न 1,00,000 डॉलर असेल तर शहराचेच साधारण 3,750 डॉलर जातात.

एडिसन किंवा जर्सी सिटीत राहिलात तर हा शहर-कर नाही. बाहेरून येणाऱ्या नोकरदारांवरचा कर 1999 मध्ये रद्द झाला. रिटर्न मात्र दोन. आधी न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, आयटी-203, मग तिथला कर धरून न्यू जर्सीचं. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे तेवढी करात वजावट, न्यू जर्सी देते, पण त्या पगारावर तिचा स्वतःचा जेवढा कर बसला असता तेवढ्यापुरतंच. मध्यम पगारावर न्यूयॉर्कचा कर बहुधा जास्तच भरतो, त्यामुळे पगारापोटी न्यू जर्सीला द्यायला फारसं उरत नाही.

बँकेचं व्याज आणि पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं यांचं वेगळं आहे. न्यूयॉर्क अनिवाशाकडून यावर कर घेत नाही, म्हणून क्रेडिटही नाही. न्यू जर्सी पूर्ण कर लावते. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फेडरल रिटर्नमध्ये मिळतं, या दोन राज्यांत नाही. क्वीन्समध्ये राहूनही यातून सुटका नाही.

‘तीन दिवस घरून काम, म्हणजे तेवढा पगार न्यू जर्सीचा’ हे गृहीत धरून कृपा करून घर ठरवू नका. घरून काम ही कंपनीची गरज नसून तुमची सोय असेल, तर न्यूयॉर्क ते दिवसही आपलेच मोजतं.

ऑफिस न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला असेल तर तिसरा पर्याय पेनसिल्व्हेनियाचा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात करार आहे: पगारावर कर फक्त राहत्या राज्यात, म्हणजे पेनसिल्व्हेनियात सरसकट 3.07 टक्के. न्यू जर्सीचा कर पगारातून कापू नये म्हणून कंपनीला एनजे-165 फॉर्म द्यायचा. मात्र 401(के) या निवृत्तीच्या बचत खात्यामध्ये टाकलेल्या रकमेवरही पेनसिल्व्हेनिया कर घेते. न्यू जर्सी घेत नाही.

माझं मत: भाड्याने राहणार असाल तर न्यू जर्सी, दोन रिटर्नचा त्रास धरूनही. घर विकतच घ्यायचं असेल तर सही करण्याआधी त्या घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मागून घ्या. न्यू जर्सीतला हा कर देशातल्या सर्वांत जड करांपैकी आहे आणि शहर-करातली सगळी बचत तो खाऊ शकतो.