जिनिव्हा, स्ट्रासबुर्ग की आधी साधा रिपोर्ट? ऑनलाइन वंशद्वेषाची तक्रार नक्की कुठे करायची

गेल्या वर्षी आमच्या इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ टाकला होता, लेझीम, ढोल, नऊवारीतल्या बायका, खांद्यावर बसलेली पोरं, आणि दोन दिवसांत खाली नुसती घाण. यांच्या अंगाला वास येतो, यांना परत पाठवा, असलं सगळं. एकाने तर एका नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा कापून वेगळी पोस्ट केली. रिपोर्ट केलं तर उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तेव्हापासून इथली मराठी मंडळी विचारतात की सरळ जिनिव्हाला युनोकडे किंवा स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जायचं का, म्हणून जे शोधलं, वाचलं, करून बघितलं ते इथे लिहितेय.

आधी एक ठरवा, तुम्हाला हवंय काय? पोस्ट जायला हवी, की लिहिणाऱ्याला शिक्षा हवी, की सरकारने काहीच केलं नाही हे कुणीतरी अधिकृतपणे म्हणायला हवं? या तीन गोष्टींचे तीन वेगळे दरवाजे आहेत आणि बहुतेक जण चुकीचा दरवाजा आधी ठोठावतात.

पोस्ट जायला हवी असेल तर युरोपियन युनियनचा डिजिटल सर्व्हिसेस अॅक्ट, जो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे. महिन्याला साडेचार कोटींच्या वर युरोपियन युजर असलेल्या प्लॅटफॉर्मवर सगळ्यात कडक नियम, आणि दंड जगभरातल्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. पण खरी गोम बटणात आहे. साधं रिपोर्ट केलं की कंपनी स्वतःचे नियम बघते, "बेकायदेशीर मजकूर" असं वेगळं रिपोर्ट करायची सोय असते तिथून गेलं की तिला देशाचा कायदा बघावा लागतो आणि निर्णयाचं उत्तर द्यावं लागतं. मी दुसऱ्यांदा तिथून गेले, जर्मन दंडसंहितेचं कलम १३० लिहिलं (समूहाविरुद्ध द्वेष भडकवणं, इथे त्याला फोल्क्सफरहेत्सुंग म्हणतात), आणि मुलीची पोस्ट दोन दिवसांत गेली. वासाची कमेंट मात्र राहिली. नाही म्हणाले तर ६ महिन्यांत कंपनीकडेच अपील करता येतं, तिथेही नाही झालं तर कोर्टाबाहेरची मान्यताप्राप्त संस्था, फी नाही किंवा अगदी नाममात्र, निकाल साधारण ९० दिवसांत, फक्त तो कंपनीवर बंधनकारक नसतो. तरी बहुतेकांसाठी मी हाच रस्ता पहिला म्हणेन.

पोलिस याच्या बरोबरीने, नंतर नाही. बहुतेक राज्यांत ऑनलाइन तक्रार होते. वैयक्तिक अपमान असेल तर श्ट्राफआन्त्राग, म्हणजे खटला चालवा असा रीतसर अर्ज लागतो, आणि त्याला कृत्य व करणारा कळल्यापासून ३ महिनेच असतात. गणपतीत झालेलं दिवाळीनंतर बघू, असं करू नका.

आता सरकारी वकिलाने फाइल बंद केली की जिनिव्हा की स्ट्रासबुर्ग हा प्रश्न येतो, आणि इथे खरंच निवडावं लागतं, कारण तोच विषय दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे आधी नेला असेल तर स्ट्रासबुर्ग घेत नाही.

जिनिव्हा म्हणजे युनोची वंशभेद निर्मूलन समिती, १८ तज्ज्ञ, १९६५ च्या कराराखाली. वैयक्तिक तक्रार कलम १४ खाली, पण तुमच्या देशाने त्याला वेगळी मान्यता दिलेली असेल तरच. जर्मनी आणि नेदरलँड्सने दिलीय, ब्रिटन आणि अमेरिकेने नाही. भारताने करार १९६८ मध्येच स्वीकारला पण कलम १४ ची मान्यता नाही, त्यामुळे पुण्यात बसून हा दरवाजा बंदच. जिनिव्हाचं बळ कळायला बर्लिनची केस बघा. २००९ मध्ये थिलो साराझिन या बर्लिनच्या माजी अर्थमंत्र्याने एका मासिकाच्या मुलाखतीत तुर्की आणि अरब लोकांबद्दल फार अपमानकारक बोललं, भाजीपाल्याच्या धंद्याशिवाय यातल्या मोठ्या गटाचा उपयोग नाही अशा सुराचं. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. तिथल्या तुर्की लोकांच्या संघटनेने २०१० मध्ये जिनिव्हाला तक्रार केली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये समितीने जर्मनीने कराराचा भंग केला असं सांगितलं. साराझिनला शिक्षा झाली नाही, समितीचं मत कोर्टाच्या निकालासारखं बंधनकारक नसतं. पण बघा, तक्रार संघटनेची होती, एका माणसाची नाही, आणि नाव घेऊन कुणाला शिवी नव्हती, अख्ख्या समाजाबद्दल होतं. असं असेल तर जिनिव्हा.

स्ट्रासबुर्गचं मानवाधिकार न्यायालय उलट आहे, ते विचारतं यात तुमचं स्वतःचं काय झालं. लिथुआनियातल्या दोन तरुणांनी २०१४ मध्ये एकमेकांचं चुंबन घेतानाचा फोटो फेसबुकवर टाकला, शेकडो कमेंट, त्यात मारून टाका सुद्धा, आणि तिथल्या यंत्रणेने तपासच केला नाही, वर त्यांच्याच वागण्याला विक्षिप्त म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने लिथुआनियाला दोषी धरलं, भरपाई द्यायला लावली. विषय वंशाचा नव्हता, पण ऑनलाइन द्वेषाचा तपास न करणं हाच भेदभाव, हे तत्त्व आपल्यालाही तसंच लागू होतं. हा निकाल बंधनकारक असतो, नागरिकत्वाची अट नाही, ब्लू कार्डवर (नोकरीच्या परवान्यावर) आलेल्यांनाही चालतं, लंडनवाल्यांनाही. मात्र देशातले सगळे उपाय संपवावे लागतात, जर्मनीत सहसा कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत, आणि शेवटच्या निकालापासून ४ महिन्यांत अर्ज (आधी ६ होते, २०२२ पासून कमी केले). जिनिव्हासाठी मात्र आजही ६ महिनेच आहेत. दोन्हीकडे फी नाही, पण वर्षं जातात.

अमेरिकेत किंवा भारतात असाल तर यातलं काहीच नाही का? एक आहे, वंशभेदावरच्या युनोच्या विशेष प्रतिवेदक (युनोने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ). त्यांना कुठल्याही देशातून लिहिता येतं, देशातले उपाय संपवायची अट नाही, त्या सरकारला पत्र लिहून जाब विचारू शकतात, निकाल देत नाहीत. २०२२ मध्ये या पदावर बेंगळुरूच्या दलित अभ्यासक अश्विनी के. पी. यांची नेमणूक झाली. जातीवरून शिव्या पडत असतील तर हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण जिनिव्हाची समिती २००२ पासून स्पष्ट सांगतेय की करारातल्या "वंशपरंपरा" या शब्दात जात येते, भारत सरकारला ते मान्य नाही तरीही.

मुलीच्या आईने शेवटी स्ट्रासबुर्ग वगैरे नकोच म्हटलं, तिला फक्त तो चेहरा तिथून जायला हवा होता आणि तो गेला, मला ते पूर्ण पटलं. वासाच्या कमेंटची तक्रार आता मंडळाच्या नावाने पोलिसांकडे आहे. माझ्याकडे फोल्डरमध्ये ४१ स्क्रीनशॉट आहेत, प्रत्येकात पूर्ण लिंक, तारीख, वेळ आणि वरची मूळ पोस्ट दिसतेय. त्यांच्याआधीचे सहा वेगळे, ते मी घाईत कापून घेतले होते, नुसती शिवी दिसत होती, आणि नेमक्या त्याच सहा कमेंट लिहिणाऱ्याने नंतर उडवल्या. ते सहा आता काही कामाचे नाहीत.