2400 ची रॅम 3600 ची म्हणून गळ्यात मारली, नागपूरच्या बर्डीवर पीसी घेणाऱ्यांनी वाचा

20,300 रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण घरी जो तो "असे कितीक गेले?" एवढंच विचारतो.

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, बारा वर्षं झाली. अगदीच अडाणी नाही. पण रॅमच्या (पीसीची चालू कामाची मेमरी) पट्टीवर जाड काळा हीटसिंक (उष्णता खेचणारं धातूचं कवच) चिकटवलेला, वर 3600 या वेगाचं चकचकीत स्टिकर. आतली चिप कोण उकरून बघतो हो?

फेब्रुवारीत बर्डीच्या एका दुकानातून 68,500 चा पीसी बांधून घेतला. त्यात 32 जीबी रॅमचे 11,800 आणि 'स्पीड ट्यूनिंग'चे वेगळे 2,500. ट्यूनिंग! पेटी सुरात लावायची होती जणू. रॅम खरंच 3600 ची असली तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे कंपनीनेच पट्टीत लिहून ठेवलेलं वेगाचं सेटिंग, ऑन करायचं, दोन मिनिटांचं काम. त्याचे कोणी पैसे मागितले तर तिथूनच उठा.

आता ज्या गोष्टीने माझी अजून झोप उडते ती. दुकानात पीसी चालू करून दाखवला, टास्क मॅनेजरमध्ये 3600 दिसलं, मी खूश. पण कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून ठेवलेली होती आणि समोर टेबलफॅन, थेट रॅमवर. फेब्रुवारी महिना, वर एसी चालू, अंगात माझ्या स्वेटर! मी विचारलंसुद्धा, "पंखा काहून लावला?" दुकानातला पोट्टा म्हणे, "धूळ बसू नये म्हणून, दादा." आणि मी मान डोलावली. पंख्याने धूळ उडते की बसते हे माझ्या आजीनेही सांगितलं असतं. तो पंखा धुळीसाठी नव्हता, रॅम थंड ठेवायला होता, हे मला मे महिन्यात कळलं.

बायोसला पासवर्डही त्यांनीच टाकला, "मुलं छेडतात" म्हणून. माझ्या घरी लहान मूल नाही.

मार्चपर्यंत ठीक चाललं. एप्रिलच्या शेवटी दुपारी निळी स्क्रीन यायला लागली, 'मेमरी मॅनेजमेंट'. रात्री सगळं छान. दुकानाचा माणूस तीनदा आला, दर खेपेला 600. दोनदा विंडोज टाकलं, तिसऱ्यांदा एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) खापर फोडून 4,200 चा नवा बसवला. तरी तेच. वर मलाच ऐकवलं, "नागपूरचं ऊन आहे भाऊ, कूलर लावा." कूलर होताच. 45 डिग्रीत कूलर काय बर्फ पाडतो?

स्क्रीन निळी झाली की निदान कळतं तरी. एका नवरीचा फोटो उघडला तर कपाळापासून खाली करडा पट्टा, मुंडावळ्या हिरव्या. फाइल तशीच सेव्ह झालेली, बॅकअपमध्येही तशीच गेलेली. मेमरीत चुकलेला बिट गुपचूप डिस्कवर जाऊन बसतो. त्या अल्बमचं नुकसान मी 20,300 मध्ये धरलेलंच नाही.

शेवटी ओळखीच्या एका मेकॅनिकने सीपीयू-झेड उघडलं, पीसीच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. मेमरीच्या पानावर 1800, डीडीआर प्रकारच्या रॅममध्ये ते दुप्पट धरायचं, म्हणजे 3600 बरोबर. पण शेजारचं एसपीडीचं पान, जिथे पट्टीत नोंदवलेला मूळ वेग दिसतो? तिथे 2400, आणि एक्सएमपीचा पत्ताच नाही. तुम्ही तेच पान बघा, दुकानातच, पैसे द्यायच्या आधी. डीडीआर4 ला (माझ्या रॅमचा प्रकार) साधारण 1.2 व्होल्ट लागतात, 3600 च्या खऱ्या पट्ट्या बहुतेक 1.35 वर चालतात. माझ्या 2400 च्या पट्टीला 3600 वर पळवायला 1.5 दिलेले. वेग तोच ठेवला तरी 1.2 च्या मानाने एवढ्या व्होल्टेजने उष्णता साधारण दीडपट होते, इथे तर वेगही ताणलेला. आणि चिप तापली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो, मग चुका. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्याचंही व्होल्टेज चढवलेलं, म्हणून प्रोसेसरही तापत होता. मेकॅनिकने बोर्डाचा सेल काढून सगळं मूळपदावर आणलं. 2400 वर ऐन दुपारी मेमटेस्ट (रॅमच्या चुका शोधणारी चाचणी) लावली, एकही चूक नाही. (मेमटेस्ट रात्री लावू नका. दुपारी लावा, कूलर बंद करून.)

दुकानदार म्हणाला, "ओव्हरक्लॉक तुम्हीच केलं असेल." म्हणजे वेग मीच ताणला म्हणे. पासवर्ड त्याचा, उद्योग माझा!

चौकीत गेलो. "रॅम चोरीला गेली का?" नाही साहेब, स्पीड खोटा आहे. "पीसी चालू होतो ना?" होतो, पण... "मग?" शेजारचा हवालदार हसला. मी त्याला एसपीडीचं पान छापून नेलं होतं, त्याने त्यावर चहाचा कप ठेवला. पुढे म्हणे हे दिवाणी आहे, ग्राहकवाल्यांकडे जा. तिथे दोन चकरा, एकदा साहेब जेवायला, एकदा साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा तिथले म्हणाले की पक्कं बिल लागतं. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, तिच्यावर 'रॅम 32 जीबी, 1 सेट'. कंपनी नाही, स्पीड नाही, सिरियल नंबर नाही. बिलावर हे तिन्ही लिहून घ्या, दुकानदार तोंड वाकडं करो नाही तर काहीही करो.

पक्कं बिल मागायला परत दुकानात गेलो. म्हणाला, देतो ना, 18 टक्के जीएसटी वेगळा पडेल, 12,330 भरा.