हाडातून ऐकवणारा हेडफोन : शेतातल्या वापरानंतरचा अनुभव

मृगाच्या पेरणीआधी मी बोन कंडक्शन प्रकारचा ब्लूटूथ हेडफोन घेतला आणि सोयाबीनची काढणी, हरभऱ्याचे पाणी व आताचा हा मे महिना एवढ्या काळात औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात तो जवळपास रोज वापरला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. या किमतीतली बहुतेक साधने सकाळी मैदानावर धावणाऱ्या माणसाला समोर ठेवून घडवलेली दिसतात. त्या माणसाचे हात तसे रिकामेच असतात. बटण दाबायला त्याला काही सोडून द्यावे लागत नाही. फवारणीची नळी धरलेल्या, धार काढणाऱ्या किंवा ठिबकची फुटलेली नळी जोडत बसलेल्या माणसाला हात न लावता ऐकण्याची गरज कितीतरी जास्त असते, पण रचनेत त्याचा विचार फारसा झालेला नाही.

हा हेडफोन कानात घालायचा नसतो. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर त्याचे दोन कंपक टेकतात आणि आवाजाची कंपने कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णापर्यंत जातात. कानाची वाट मोकळी राहते, म्हणून बाहेरचे सगळे ऐकू येते. शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी आली की पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. अशा वेळी मोटारीचा आवाज बदलला, पाईप निसटून पाणी भलतीकडे वाहू लागले, पाचोळ्यात काही सरपटले किंवा बांधापलीकडे रानडुकरांची चाहूल लागली, तर ते त्याच क्षणी कळले पाहिजे. कान बंद करणाऱ्या इअरफोनमध्ये आता माइकवाटे बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय असते, आणि ती गरज काही नवी नाही. 1979 मध्ये आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनवरही एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत हळू होऊन माइकमधून भोवतालचे बोलणे ऐकू येई. पण माइकमधून आलेल्या आवाजाची दिशा आणि अंतर मला अंधारात विश्वासाने ओळखता येत नाही. मोकळ्या कानाने येते. एवढ्या एका कारणासाठी मी हे साधन पुन्हा घेईन.

दुसरा फायदा मला उन्हाळ्यात कळला. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये डोक्याला आणि कानाला रुमाल गुंडाळल्याशिवाय कोणी उन्हात जात नाही. कानासमोर बारीक स्पीकर धरणारे जे ओपन-इअर इअरफोन मिळतात, त्यांतला माझ्या भाच्याचा मी लावून पाहिला. रुमालाखाली त्याची जागा हलते आणि आवाज दबतो. हाडावर टेकणाऱ्या कंपकाचे उलटे होते. रुमालाच्या दाबाने तो हाडावर नीट बसतो आणि आवाज अधिक स्पष्ट होतो. माहितीपत्रकातल्या कोणत्याही चित्रात डोक्याला काही बांधलेला माणूस नाही, ही गोष्ट वेगळी.

आता बटणांविषयी, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. घेताना स्पर्शाने चालणारे मॉडेल टाळून मी दाबायच्या बटणांचे घेतले. स्पर्शपट्टी बोटाची विद्युत धारिता ओळखते. ओल्या बोटाने ती गोंधळते आणि घामाचा थेंब ओघळला तरी गाणे थांबते. दाबायचे बटण मनगटाच्या मागच्या बाजूने किंवा बाहीनेही दाबता येते, त्यामुळे डाव्या बाजूच्या मोठ्या बटणाची अडचण नाही. मात्र आवाज कमीजास्त करायची दोन बटणे उजव्या कानामागे, एकमेकांना चिकटून आणि अगदी सारख्या आकाराची आहेत. रबरी मोजे घातले की त्यांतले कोणते कुठले, हे कळत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की फवारणी चालू असताना औषधाने माखलेला हात तोंडाजवळ नेऊच नये, आणि या साधनाची सगळी बटणे नेमकी तोंडाजवळ आहेत. यावर मी एक उपाय केला. दुचाकीच्या हँडलला लावण्यासाठी म्हणून मिळणारे एक लहान ब्लूटूथ बटण फवारणी पंपाच्या पट्ट्याला छातीपाशी बसवले. ते फोनशी जोडलेले असते आणि कोपराच्या आतल्या बाजूने दाबता येते. असे बटण हेडफोनसोबतच का देऊ नये, याचे समाधानकारक कारण मला सुचत नाही.

फोनमधल्या आवाजी सहायकाचा आधार घ्यावा, तर शांत घरात तो बरा चालतो. वाऱ्यात मात्र ‘बोअरवाले मामा’ म्हटले की भलत्यालाच फोन लागतो. बोलण्यासाठीचा माइक एकूणच वाऱ्यापुढे हतबल आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की पलीकडच्याला नीट ऐकू जाते.

बसण्याच्या बाबतीत, कानाच्या वरच्या खाचेवर एकाच वेळी किती वस्तू टेकतात याचा हिशेब कोणी केलेला दिसत नाही. चष्म्याची दांडी, मास्कची दोरी आणि हेडफोनचा आकडा या तिन्ही त्याच जागेसाठी भांडतात. मागची पट्टी मानेपासून बरीच बाहेर राहते. पाठीवरच्या पंपाची टाकी तिला लागते आणि मान वर केली की कंपक गालावरून सरकतात. म्हशीची धार काढताना तिच्या कुशीला डोके टेकवायची ज्यांना सवय आहे, त्यांना ती सोडावी लागेल.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. बातम्या, शेतीविषयक व्याख्याने आणि कीर्तन उत्तम ऐकू येते. पखवाजाची थाप मात्र पोकळ वाटते, कारण खर्जाचे सूर हाडातून पोहोचवायला कंपकाला खूप हलावे लागते आणि मग ऐकू येण्याऐवजी गालाला गुदगुल्या होतात. आणखी एक गोष्ट घेण्यापूर्वी माहीत असावी. बहुतेक फोनमधल्या एफएम रेडिओला वायरच्या इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोनवर आकाशवाणी ऐकायची तर ती ॲपवरून ऐकावी लागते, आणि आमच्या खालच्या रानात नेटवर्कच नाही. मी रात्री घरी कार्यक्रम उतरवून ठेवतो.

‘हाडातून ऐकल्याने कानाला धोका नाही’ असे दुकानदारही सांगतात, ते खरे नाही. कंपने शेवटी त्याच अंतर्कर्णात पोहोचतात आणि मोठ्या आवाजाने इजा होते ती तिथल्या नाजूक पेशींना. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला 40 तास 80 डेसिबल अशी आहे, आणि आवाज वाढत गेला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. मळणी यंत्राजवळ किंवा ट्रॅक्टरवर मोकळ्या कानात आधीच इतका गोंगाट शिरतो की त्यावर मात करायला आवाज पूर्ण वाढवावासा वाटतो. तिथे मी हेडफोन काढून ठेवतो. दुचाकीवरही लावत नाही. वडिलांना कमी ऐकू येते म्हणून त्यांनी मोठ्या आशेने लावून पाहिला, पण उपयोग झाला नाही. बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो. वयामुळे अंतर्कर्णच थकला असेल तर कंपने पोहोचूनही फारसा फरक पडत नाही. त्यांच्यासाठी तपासणी करून श्रवणयंत्र घेणे हाच मार्ग होता आणि तो आम्ही घेतला.

धूळ आणि पाण्याला तो पुरून उरला. खोक्यावर आयपी 67 लिहिले आहे. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. मात्र ही चाचणी साध्या पाण्याची असते, खारट घामाची नव्हे. चार्जिंगच्या दोन्ही पिनांवर हिरवट थर धरला होता, तो मी कापसाने पुसून काढला आणि आता रोज संध्याकाळी पिना कोरड्या करतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण 0 ते 45 अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायची असते, त्यामुळे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग लावण्यात अर्थ नाही. माझा हेडफोन तिथे चार्ज होणे थांबवतोच. नवा असताना बॅटरी दिवसभर पुरत असे, आता ऊन उतरायच्या आत संपते. चार्जिंगची वायर चुंबकाची, त्या कंपनीपुरतीच आहे आणि लातुरात ती सुटी मिळाली नाही, म्हणून दुसरी ऑनलाइन मागवली. बॅटरी बदलता येईल का, हे लातुरातल्याच एका दुरुस्ती करणाऱ्याला विचारले, तर आवरण चिकटवलेले असल्याने उघडताना ते तुटेल असे त्याने सांगितले. वॉरंटी पेरणीच्या सुमारास संपेल. त्यापूर्वी बॅटरीची तक्रार नोंदवणार आहे.